एका दिवसात २२,१९७ गाणी

२७ मे १९५२. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात पिमिसी बे नावाच्या ठिकाणी एक बाई उजाडायच्या आत घराबाहेर पडल्या. त्यांनी ठरवलं होतं की आज एका पक्ष्याचं गाणं पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत मोजायचं. त्यांचं नाव लुईस द किरिलिन लॉरेन्स. मूळच्या स्वीडनच्या, पेशानं परिचारिका. १९३४ साली जन्मलेल्या आणि जगभर गाजलेल्या डिऑन पंचकन्यांची सुरुवातीची शुश्रूषा त्यांनीच केली होती. पुढे ते सगळं सोडून त्या जंगलातल्या लाकडी घरात राहायला गेल्या आणि पक्ष्यांच्या अभ्यासात रमल्या. त्या दिवशी त्यांनी निवडला होता रेड-आइड व्हिरिओ. वजन १७ ग्रॅमच्या आसपास, झाडाच्या शेंड्यातल्या पानांत वावरणारा, दिसायला अवघड पण ऐकू सारखा येणारा. संध्याकाळी तो गप्प झाला तेव्हा आकडा झाला होता २२,१९७.

जपाची माळ १०८ मण्यांची असते. २२,१९७ म्हणजे अशा २०५ माळा पुऱ्या, आणि वर ५७ मणी. पहाटेपासून संध्याकाळपर्यंतचे चौदा तास धरले तर सरासरी मिनिटाला २६ गाणी पडतात. मधे पक्षी खातो, विसावतो, जागा बदलतो. त्यामुळे प्रत्यक्ष गाताना त्याचा वेग याहून बराच जास्त असणार. एकेक गाणं अर्ध्या सेकंदाचं, जेमतेम दोन-चार सुरांचं. पण दिवसभर न कंटाळता तेच काम. आणि दिवसभर न कंटाळता ते मोजणारं माणूस. मला या आकड्यात पक्ष्याइतक्याच त्या बाईही दिसतात. एका दिवसात २२ हजार वेळा काहीतरी घडलं, हे जगाला कळलं ते कुणीतरी एवढा वेळ मान वर करून उभं राहिलं म्हणून.

पक्ष्यांचं गाणं मधुर असतं, मनाला शांत करतं, हे आपण शाळेतल्या निबंधापासून लिहीत आलो आहोत. खोटं काहीच नाही त्यात. पण ‘मधुर’ म्हटलं की काम संपल्यासारखं होतं आणि आपण ऐकायचं थांबतो. आकडा समोर आला की कान पुन्हा टवकारतात: एवढं सगळं इथं चाललं होतं?

यासाठी कॅनडाला जायला नको. उन्हाळ्याच्या तोंडावर कुठल्याही वडा-पिंपळाखाली उभं राहा, तांबट भेटेल. टुक्, टुक्, टुक्. मिनिटाला १०८ ते १२१ वेळा, आणि एका दमात २०४ पर्यंत ठोके मोजल्याची नोंद आहे. मिनिटाला एक माळ तो सहज ओढतो. दुर्बीण असेल तर ती त्याच्या चोचीवर लावा, कारण खरी गंमत तिथे आहे. चोच बंद असते. प्रत्येक ‘टुक्’ला गळा फुगतो आणि पडतो, डोकं किंचित हलतं, पण चोच उघडत नाही. डोकं इकडेतिकडे वळतं तसा आवाजही कधी जवळून, कधी लांबून आल्यासारखा वाटतो. आमच्या इमारतीमागच्या पिंपळावरचा तांबट मी कितीतरी वर्षं नुसता ऐकत होते. मोजायला लागले तेव्हा कळलं की त्याची लय सुरुवातीला दबकत येते आणि मग एकदा धरली की सुटत नाही.

आता दिवस आणि मिनिटं सोडून सेकंदाच्या आत शिरू. माणसाचं स्वरयंत्र श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला असतं. पक्ष्याचं असतं तळाशी, जिथे नळी दोन फुप्फुसांकडे दुभंगते तिथे. दोन फाटे, दोन्हीकडे आवाजाचा उगम, आणि गाणाऱ्या पक्ष्यांना हे दोन्ही उगम स्वतंत्रपणे चालवता येतात. अमेरिकेतला ब्राउन थ्रॅशर डावीकडून एक सूर आणि उजवीकडून दुसरा सूर एकाच वेळी लावतो. त्याच्याजवळ ११०० हून अधिक वेगवेगळी गीतं असल्याचं मोजलं गेलं आहे. कॅनरी सेकंदाला सुमारे तीसपर्यंत सूर फेकताना दर दोन सुरांच्या मधल्या फटीत इवलासा श्वास घेते. आपल्याकडे गाणं शिकणाऱ्यांची पहिली काही वर्षं दमसास कमावण्यात जातात. त्यांना या तीस श्वासांचं मोल सांगायला नको. आणि या सगळ्यामागचे स्नायू? पिंजऱ्यात पाळतात त्या झेब्रा फिंचच्या स्वरयंत्राचे स्नायू सेकंदाला २५० वेळा आकुंचन पावू शकतात, हे २००८ साली प्रयोगांतून दिसलं. पापणी लवायला सेकंदाचा दहावा हिस्सा धरला, तर तेवढ्यात २५ वेळा.

एवढ्या वेगाचं काही आपल्या कानाला नीट सापडत नाही. ध्वनिमुद्रणाचं पहिलं सुख इथे सुरू होतं. फोनवर दयाळाचं गाणं टिपून घ्यावं, संगणकावर ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावं आणि वेग एक चतुर्थांश करावा. वेग चौपट कमी झाला की सूर दोन सप्तकं खाली येतो. ३००० हर्ट्झला चिरकणारी शीळ ७५० हर्ट्झवर उतरते, म्हणजे माणसाच्या गळ्याच्या टप्प्यात. जी एक सरळ तान वाटत होती ती वळणं घेते. सूर खालून उचलला जातो, वर जाऊन मोडतो, पडतो, पुन्हा पकडला जातो. मधल्या शांततेतसुद्धा बारीक खरखर असते. दोन सेकंदांचं गाणं आठ सेकंदांचं होतं, आणि त्या आठ सेकंदांत पहिल्यांदा कळतं की पक्षी घाईत नव्हता, आपला कान कमी पडत होता. हे एकदा करून पाहिलं की दुसऱ्या दिवशी गॅलरीतून ऐकू येणारा दयाळ आधीसारखा ऐकू येत नाही. सह्याद्रीत पावसाळ्यात शीळकरी कस्तूर गातो, आंबोलीला, भीमाशंकरला, धुक्यात, पाण्याच्या आवाजावर मात करत. त्याची लांबलचक, रेंगाळती शीळ मुळातच संथ आहे. तिला सावकाश करायला लागत नाही. तिथे हेडफोन लावून नुसतं डोळे मिटणं पुरतं.

मोठ्या आवाजाचं म्हणाल तर ब्राझीलच्या उत्तरेकडच्या डोंगरांतला पांढरा बेलबर्ड. २०१९ साली जेफ पोडोस आणि मारिओ कोन-हाफ्ट यांनी त्याचा आवाज मोजला: एक मीटरवर १२५ डेसिबल. पक्षी पाव किलोचा. डेसिबलची मोजपट्टी फसवी आहे, दर दहा डेसिबलला तीव्रता दहापट होते. आपलं रोजचं बोलणं साठच्या आसपास. म्हणजे हा पक्षी आपल्या बोलण्याच्या तीस लाख पटींहून अधिक तीव्रतेनं ओरडतो. आणि सर्वांत मोठा सूर तो मादी जवळ येऊन बसल्यावरच लावतो.

आता उलट टोकाला, पृथ्वीएवढ्या मापावर जाऊ. नागपूर आणि मुंबई यांच्या रेखांशांत सहा अंशांहून थोडं जास्त अंतर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. म्हणजे नागपुरात फुटाळा तलावाकाठी दयाळ पहाटेचा पहिला सूर लावतो, त्यानंतर साधारण २५ मिनिटांनी तीच वेळ बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात येते. ऋतूप्रमाणे मिनिटं थोडी पुढंमागं. मधल्या काळात ती पहाट अमरावती, अकोला, जळगाव, नाशिक असे टप्पे घेत आलेली असते, आणि प्रत्येक ठिकाणी कोतवाल, बुलबुल, शिंजीर, चिमण्या तिच्याबरोबर जागे झालेले असतात. आपल्या अक्षांशावर पहाटेचा हा काठ ताशी सुमारे १,५७० किलोमीटर वेगानं पश्चिमेकडे सरकतो. प्रवासी विमानाला तो गाठता येत नाही. मुंबईहून तो अरबी समुद्रावर जातो, ओमानच्या किनाऱ्यावर पुन्हा पक्ष्यांना भेटतो, मग आफ्रिका, मग अटलांटिक ओलांडून ब्राझील. थांबत कधीच नाही. कुठल्याही क्षणी पृथ्वीवर कुठेतरी पहाट होतच असते.

ही सगळी मंडळी आहेत तरी किती? सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली अंदाज मांडला: रानपक्षी सुमारे ५० अब्ज. अंदाज ढोबळ आहे हे त्यांनीच सांगून ठेवलं. त्यात एकट्या चिमण्या १६० कोटी. माणसं आठ अब्ज, म्हणजे माणशी सहा पक्षी. जगात पक्ष्यांच्या जाती ११ हजारांच्या आसपास, त्यातल्या जवळजवळ निम्म्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या कुळातल्या. आणि या कुळाचा उगम ऑस्ट्रेलियाच्या भूभागात झाला, हे आता बहुतेक अभ्यासक मानतात.

हे आवाज टिपून ठेवायची सुरुवात एका मुलानं केली. १८८९ साल, जर्मनीतलं फ्रँकफर्ट. लुडविग कॉख आठ वर्षांचा होता. वडिलांनी एडिसनचं फोनोग्राफ यंत्र आणून दिलं होतं, त्याच्या मेणाच्या नळकांड्यावर त्यानं घरात पाळलेल्या पक्ष्याचं गाणं उतरवलं. पक्ष्याच्या आवाजाचं जगातलं हे पहिलं ज्ञात ध्वनिमुद्रण. तो पक्षी होता शामा. आपला शामा, पश्चिम घाटाच्या दाट झाडीत आणि गोव्याच्या जंगलांत राहणारा, लांब शेपटीचा, तांबूस पोटाचा. जगातल्या लाखो ध्वनिमुद्रणांच्या रांगेत पहिला नंबर त्याच्या जातभाईचा आहे, हे कळल्यापासून गोव्यातल्या जंगलात शामा ऐकू आला की मी आपोआप थांबते. कॉख ज्यू होते. १९३६ साली त्यांना जर्मनी सोडावी लागली. ते इंग्लंडला गेले, आणि तिथे बीबीसीवरून लाखो लोकांना पक्षी ऐकवणारा आवाज झाले.

मे १९२९ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या गावी, इथाकामध्ये, आर्थर अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बागेतल्या रानपक्ष्यांचे आवाज टिपले, तेही बोलपटांसाठी नुकतंच निघालेलं, फिल्मवर आवाज उतरवणारं यंत्र वापरून. त्या तीन-चार पक्ष्यांपासून उभा राहिलेला कॉर्नेलचा मॅकॉले संग्रह आज दहा लाख ध्वनिमुद्रणांच्या कितीतरी पुढे गेला आहे. नेदरलँड्समध्ये २००५ साली बॉब प्लांके आणि विलेम-पीअर व्हेलिंगा या दोघांनी झेनो-कँटो सुरू केलं. कुणीही आपलं ध्वनिमुद्रण त्यात घालावं, कुणीही ऐकावं. तिथेही आकडा दहा लाखांच्या आसपास पोचला आहे, आणि जाती १० हजारांहून अधिक. पृथ्वीवरच्या बहुतेक पक्ष्यांचा आवाज आज घरबसल्या, एक पैसा न देता ऐकता येतो. एकेक ध्वनिमुद्रण एक मिनिटाचं धरलं तर दहा लाख मिनिटं म्हणजे ६९४ दिवस, रात्रंदिवस, झोपेशिवाय.

त्याहून मोठा आकडा ऑस्ट्रेलियातला आहे. ऑस्ट्रेलियन अकूस्टिक ऑब्झर्व्हेटरी या प्रकल्पात देशभरातल्या ९० ठिकाणी ३६० ध्वनिमुद्रक बसवले, सौरऊर्जेवर चालणारे, पाच वर्षं अखंड टिपत राहण्यासाठी. सगळे न थांबता चालले तर १,८०० वर्षांचा आवाज जमतो. तो ऐकायला कुणी सातवाहनांची सत्ता मावळत होती तेव्हा बसलं असतं, तर आत्ता कुठे उठायची वेळ झाली असती. माणसाला हे ऐकणं शक्य नाही, म्हणून यंत्रं ऐकतात आणि जाती ओळखतात. त्यांच्या उपयोगाबद्दल मला शंका नाही. पण ऐकण्याचा आनंद यंत्राकडे सोपवता येत नाही, आणि १,८०० वर्षांतलं एक मिनिट निवडायचं तर त्याच्यासमोर पूर्ण बसावं लागतं, लॉरेन्सबाईंसारखं.

एक ध्वनिमुद्रण मात्र आपल्या सगळ्यांच्या आवाक्याबाहेर गेलं आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर चढवलेल्या सोनेरी तबकडीत पक्षी, बेडूक, रातकिडे, देवमासे यांचे आवाज आहेत. त्याच तबकडीत आपल्या गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि ५५ भाषांतल्या अभिवादनांत एक मराठीही. व्हॉयेजर-१ आज पृथ्वीपासून २,५०० कोटी किलोमीटरच्या आसपास आहे. यान सुटलं त्याच सप्टेंबर महिन्यात केसरबाई गेल्या.

घरात बसून पक्षी ऐकल्यानं खरंच काही होतं का, हेही तपासलं गेलं आहे. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेच्या २०२२ सालच्या अभ्यासात २९५ जणांना फक्त सहा मिनिटं आवाज ऐकवले, काहींना रहदारीचे, काहींना पक्ष्यांचे. पक्षी ऐकणाऱ्यांची चिंता आणि संशयी विचार कमी झाले. लंडनच्या किंग्ज कॉलेजनं त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १,२९२ लोकांनी दिवसातून अनेकदा फोनवर आपली मनःस्थिती नोंदवली. पक्षी दिसल्या-ऐकल्याचा चांगला परिणाम आठ तासांपर्यंत टिकलेला आढळला. हे वाचून आनंद झाला, पण पक्ष्यांचं गाणं औषधाच्या गोळीसारखं घ्यावं असं मला वाटत नाही. ते आपल्यासाठी नाही. हद्द राखायला, जोडीदार मिळवायला चाललेलं ते कष्टाचं काम आहे. म्हणून एक गोष्ट कळकळीनं सांगते: ही ध्वनिमुद्रणं घरात ऐका, हेडफोनवर ऐका, पण जंगलात स्पीकरवर वाजवू नका. फोटोसाठी नवरंगाचा किंवा शामाचा कॉल लावला की खरा नर घरटं, भूक सगळं सोडून न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी भांडायला येतो. विणीच्या दिवसांत तो वेळ त्याला परवडत नाही.

कान जे सांगतो ते कधीकधी डोळा सांगत नाही. बर्नी क्रॉज हे अमेरिकन संगीतकार १९६८ पासून रानातले आवाज टिपत आले. त्यांच्या संग्रहात पाच हजार तासांहून जास्त ध्वनिमुद्रण आणि सुमारे १५ हजार प्रजातींचे आवाज आहेत. १९८८ च्या जूनमध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरांत लिंकन मेडो या कुरणातली पहाट टिपली. आवाजांनी गच्च भरलेली. तिथे निवडक झाडं तोडायची होती, आणि जंगलाला त्यानं काही होणार नाही असं लाकूडकंपनीनं गावकऱ्यांना सांगितलं होतं. वर्षभरानं त्याच तारखेला, त्याच वेळी क्रॉज परत गेले. कॅमेऱ्यातून पाहिलं तर कुरण जसंच्या तसं. ध्वनिमुद्रणात झऱ्याचा आवाज, आणि एका सुतार पक्ष्याची टकटक. पुढच्या पंचवीस वर्षांत ते पंधरा वेळा तिथे गेले. आवाजांची पूर्वीची दाटी परत आली नव्हती. दोन्ही वर्षांची ध्वनिमुद्रणं ऐकायला मिळतात. पहिलं लागतं तेव्हा चेहरा खुलतो, दुसरं सुरू होऊन काही सेकंद गेले की आवाज वाढवायला हात पुढे जातो, काहीतरी बिघडलंय असं वाटून. बिघडलेलं काही नसतं.

२०१९ च्या एका मोठ्या अभ्यासानं उत्तर अमेरिकेचा हिशेब मांडला: १९७० पासून २९० कोटी पक्षी कमी झाले, दर दहातले जवळजवळ तीन. २०२१ साली युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या दोन लाखांहून जास्त ठिकाणच्या पक्षीगणनेला झेनो-कँटोवरच्या आवाजांची जोड देऊन संशोधकांनी गेल्या पंचवीस वर्षांतल्या पहाटा पुन्हा रचून पाहिल्या. त्या शांत होत गेल्या होत्या आणि एकसुरी होत गेल्या होत्या. हवाईतल्या काउआई बेटावरचा ओओ पक्षी १९८७ साली शेवटचा ऐकू आला. त्याच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण आहे: तो गातो, थांबतो, पुन्हा गातो. नरमादी मिळून गायचं ते गाणं. मधल्या जागा मादीच्या.

गाणं हे शिकावं लागतं, म्हणून ते हरवूही शकतं. आग्नेय ऑस्ट्रेलियातला रीजंट हनीईटर हा काळा-पिवळा, देखणा पक्षी. रानात जेमतेम ३०० उरल्याचा अंदाज आहे. पिल्लू नर आसपासच्या मोठ्या नरांकडून गाणं उचलतो. पण आसपास कुणी उरलंच नाही तर? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की सुमारे १२ टक्के नर दुसऱ्याच जातींची गाणी गात होते, आणि ज्यांचं गाणं वेगळं त्यांना जोडीदार मिळणं कठीण जात होतं. सिडनीच्या टॅरोंगा प्राणिसंग्रहालयात रानात सोडण्यासाठी वाढवलेल्या पिलांना मग जातीचं मूळ गाणं शिकवायचं ठरलं. आधी रानातल्या नरांची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकवली. त्यानं फारसं साधलं नाही. मग रानात जन्मलेले दोन नर शिकवायला आणले, आणि एकेका गुरूपुढची पिलांची संख्या कमी केली. तिसऱ्या वर्षी ४२ टक्के पिलं मूळ गाणं गायला लागली. ती मोठी झाल्यावर पुढच्या वर्षीच्या पिलांसमोर शिकवायला बसवली गेली.